मोकळा श्वास, कुणाचा?

भाच्याने जुनी मोटार घेतली आणि सायलेन्सरचा डबा कापून सरळ नळी बसवली. ‘मामा, इंजिनाला मोकळा श्वास मिळतो,’ तो म्हणाला. आमच्या टिळकवाडीतल्या गल्लीला मात्र रात्री अकरानंतर श्वास घेणे कठीण झाले. शेजारच्या कन्नड अज्जी हृदयविकाराच्या. त्या दचकून उठत, पण तक्रारीचा शब्द काढीत नसत. त्यांचे ते न बोलणे मला अधिक बोचले.

भाच्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. धुराची वाट तुंबली की इंजिन गुदमरते. पण नळी वाजवीपेक्षा रुंद झाली, तर वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवर गाडीची ओढ घटते. चांगला सायलेन्सर वाट अडवीत नाही. छिद्रे पाडलेल्या नळीतून वायू सरळ निघून जातो, भोवतीची काचलोकर आवाज तेवढा पिऊन टाकते.

सन २००० च्या नियमांनी निवासी वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली. पण कायदा दाराशी येण्याआधीच प्रश्न उरतो: माझ्या हौसेची किंमत दुसऱ्याच्या झोपेतून का वसूल व्हावी?

दोन भाषांच्या गल्लीत वाढलेल्यांना हे नवे नाही. आपण आपले मोकळेपणी बोलावे, भिंतीपलीकडच्या कानाचे भान ठेवावे. त्याने आपला आवाज कोंडत नाही.

भाच्याने अखेर मिस्त्रीकडून नवा डबा बसवून घेतला. परवा अज्जींनी विचारले, ‘तुमचा भाचा हल्ली येत नाही का?’ तो आदल्या रात्रीच येऊन गेला होता.