चित्रापाशी थांबवणारे कार्यक्रम

अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनाला जोडून संग्रहालये दालनफेऱ्या, व्याख्याने, प्रात्यक्षिके, कार्यशाळा, मैफली असे कार्यक्रम ठेवतात. त्यांची गरज इतर प्रदर्शनांपेक्षा वेगळी असते. राजा रविवर्म्याच्या हंस-दमयंतीपुढे उभा राहणारा माणूस निदान दमयंती कोण आणि हंस काय सांगायला आला आहे, एवढे घरूनच घेऊन आलेला असतो. अमूर्त चित्र असे काही हाती देत नाही. शेजारच्या पाटीवरही बहुधा ‘शीर्षक नाही’, साल आणि ‘कॅनव्हासवर तैलरंग’ एवढेच लिहिलेले असते. प्रेक्षक पाटी वाचतो, चित्राकडे एक नजर टाकतो आणि पुढे सरकतो.

हे पुढे सरकणे किती लवकर होते, याची मोजदाद झालेली आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षकांवर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका कलाकृतीपुढे माणूस सरासरी २७.२ सेकंद थांबत होता आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंद किंवा त्याहूनही कमी. ही नावाजलेली, ओळखीचे विषय असलेली चित्रे होती. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा कॅनव्हास १७ सेकंदांत बघितला तर एक करडा, पिवळा किंवा तांबूस पृष्ठभाग दिसतो, बाकी काही नाही. रोलरने चढवलेले आणि नाइफने खरवडून काढलेले थर, कडेकडे मंद होत जाणारा उजेड, मधेच वर आलेल्या अक्षरांसारख्या खुणा हे सगळे डोळा स्थिरावल्यावर उमटू लागते. म्हणून अमूर्त चित्रांच्या कार्यक्रमांना एकच कसोटी लावायला हवी. त्या कार्यक्रमानंतर माणूस चित्रापुढे जास्त वेळ थांबतो की नाही?

ही जाण अमूर्त कलेच्या संग्रहालयांइतकीच जुनी आहे. आजच्या गुगेनहाइम संग्रहालयाची सुरुवात १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’ या नावाने झाली. तिथल्या संचालक हिला रिबे यांनी भिंतींना करड्या रंगाचे चुणीदार कापड लावले, चित्रे जवळजवळ जमिनीला टेकतील इतकी खाली टांगली आणि दालनात बाख व शोपॅन यांचे संगीत चालू ठेवले. त्या काळी हे अनेकांना विचित्र वाटले. तरी बसा, घाई करू नका, ऐकता तसे बघा, एवढेच त्यांना त्यातून सांगायचे होते. संगीताचा आधार त्यांनी उगाच घेतला नव्हता. त्यांच्या संग्रहाचा कणा असलेले कांडिन्स्की १९११ च्या जानेवारीत म्युनिकमध्ये शोनबर्गचे संगीत ऐकून आले आणि त्या मैफलीवर त्यांनी चित्र काढले. त्या चित्रात पियानोचा काळा आकार अजून ओळखता येतो, पण चित्र भरून राहतो तो पिवळा रंग.

सगळ्यात छोटा सार्वजनिक कार्यक्रम मात्र बार्नेट न्यूमन या चित्रकाराने केला, असे म्हणता येईल. १९५१ मध्ये बेटी पार्सन्स गॅलरीतल्या प्रदर्शनात त्यांनी भिंतीवर एक चिठ्ठी लावली. मोठी चित्रे लोक लांबून बघतात, पण ही चित्रे जवळून बघण्यासाठी आहेत, असा तिचा आशय होता. चिठ्ठीत ना चरित्र होते, ना तत्त्वज्ञान. कुठे उभे राहायचे, एवढेच त्यांनी सांगितले आणि सबंध अनुभव बदलला, कारण त्यातले पाच मीटरहून अधिक रुंदीचे तांबडे चित्र हातभर अंतरावरून पाहिले की त्याची चौकट नजरेतून निघून जाते. वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमधील लहानशा रॉथ्को दालनासाठी स्वतः चित्रकार रॉथ्को यांनी एका बाकाचा आग्रह धरला होता. बाक ठेवणे हाही कार्यक्रमच आहे, आणि पुष्कळ व्याख्यानांपेक्षा तो उपयोगी पडतो.

व्याख्यान हा सर्वांत रूढ आणि सर्वांत जोखमीचा प्रकार. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे ‘टू डिकेड्स ऑफ अमेरिकन पेंटिंग’ हे प्रदर्शन दिल्लीत आले, तेव्हा त्याच्याबरोबर समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्गही व्याख्यानांसाठी आले होते. आधुनिक चित्रकला आपल्या सपाटपणाकडे वाटचाल करते, हा त्यांचा सिद्धांत तोवर प्रसिद्ध झाला होता. अशा भक्कम सिद्धांतामुळे ऐकणाऱ्याला पटकन धीर येतो, पण मग तो प्रत्येक चित्रात सपाटपणाच शोधतो आणि तो सापडला की निघून जातो. चित्राच्या जागी विषय देणे टाळायला निघालेले व्याख्यान शेवटी विषयच देऊन बसते.

गायतोंडे यांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा आहे. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले, गिरगावातल्या चाळीत वाढलेले, जे. जे. मध्ये शिकलेले, पुढे दिल्लीत एकांतात राहिलेले, वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास करणारे आणि फार कमी बोलणारे चित्रकार, हे चरित्र इतके ओढ लावणारे आहे की त्यावर तासभर सहज बोलता येते आणि चित्राचे नावही निघत नाही. झेन, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांकडे त्यांचा ओढा होता, हे खरे. पण ते सांगितले की प्रेक्षक चित्रात ‘ध्यान’ बघू लागतो आणि रंग बघायचे राहून जातात. स्वतः गायतोंडे आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणायला राजी नव्हते. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द त्यांना जवळचा वाटे. आणि त्यांचे पहिले संग्रहालयीन सिंहावलोकन २०१४ च्या ऑक्टोबरात, संधिनी पोद्दार यांच्या संयोजनाखाली, उघडले ते एकेकाळी हाच शब्द नावात असलेल्या गुगेनहाइममध्ये. गायतोंडे यांच्यावर बोलणाऱ्याने या एका शब्दापासून सुरुवात केली आणि पाच मिनिटांत श्रोत्यांना कॅनव्हासपुढे नेले, तरी काम झाले.

प्रात्यक्षिक हा महाराष्ट्राच्या खास आवडीचा प्रकार आहे. व्यक्तिचित्राच्या प्रात्यक्षिकाला खचाखच गर्दी होते, कारण समोर बसलेला माणूस कागदावर हळूहळू उतरताना दिसतो आणि साम्य जमले की टाळ्या पडतात. अमूर्त चित्रात साम्य जमल्याचा तो क्षण येतच नाही. इथे उपयोगी पडते ते साहित्याचे प्रात्यक्षिक. पातळ आणि दाट रंग एकमेकांवर कसे बसतात, रोलर ब्रशपेक्षा वेगळे काय करतो, ओल्या थरावर ठेवलेला कागद उचलला की मागे काय उरते, हे बघायला मिळते. मुलांच्या कार्यशाळेत ‘गायतोंडेंसारखे चित्र काढा’ असे सांगण्यात काहीच हाशील नाही. तीन रंग आणि एक रोलर देऊन ‘थर काढून टाका, मग काय दिसते ते बघा’ असे सांगितले, तर ते मूल दालनात परत गेल्यावर मोठ्या माणसांना न दिसणाऱ्या कडा दाखवू लागते.

दृष्टिहीन आणि अंशतः दृष्टी असलेल्यांसाठी गुगेनहाइम ‘माइंड्स आय’ नावाचे कार्यक्रम चालवते. अमूर्त चित्र शब्दांत वर्णन करून सांगायचे, हे काम बघणाऱ्यालाच शिकवून जाते. ‘निळे आहे’ म्हणून भागत नाही. कोणते निळे, कुठे दाट, कुठे विरळ, नजर आधी कुठे जाते आणि कुठे अडते, हे बोलावे लागते. डोळस प्रेक्षकांच्या दालनफेऱ्याही अशाच व्हायला हव्यात.

मराठी माणसाला अमूर्त चित्र समजावताना हटकून संगीताची उपमा दिली जाते. आलापाचा अर्थ कोणी विचारत नाही, मग रंगाचा का विचारता? उपमा बरोबर आहे, पण अर्धी. आलाप ऐकणारा कान आपोआप तयार झाला नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. भातखंडे यांनी १९१६ मध्ये बडोद्यात संगीत परिषद भरवली, बंदिशी छापल्या. सप्रयोग व्याख्याने, गणेशोत्सवातली गाणी, संगीत नाटके आणि रेडिओ यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो कान घडवला. चित्राच्या डोळ्यासाठी एवढी खटपट झालेली नाही. रंग समजत नाहीत म्हणून लोकांना बोल लावणे हा सरळ अन्याय आहे.

या खटपटीसाठी मराठीत शब्द नाहीत, ही सबबही चालणार नाही. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ १९९० मध्ये आले. चित्रकाराने स्वतः, मराठीत, आकार आणि अवकाश यांवर विचार केलेले हे पुस्तक आहे. सतीश नाईक यांनी संपादित केलेला ‘गायतोंडे’ हा ग्रंथ २०१६ चा. अवकाश, पोत, छटा, थर हे शब्द अशा लेखनात रुळून घट्ट झाले आहेत. ते पुस्तकातून दालनात यायचे आहेत.

मुंबईत त्यासाठी जागाही आहे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ पासून ज्या वास्तूत आहे, ते सर कावसजी जहांगीर सभागृह मुळात जाहीर सभा आणि मैफलींसाठी उभे राहिले होते. तिथे अमूर्त चित्रांचे पुढचे प्रदर्शन भरेल तेव्हा एक तरी दालनफेरी मराठीत व्हावी, एकाच चित्रापुढे, बाकावर बसून, अर्धा तास.