जोखीम म्हणजे प्रारब्ध नव्हे

‘जे लिहिलंय ते टळायचं नाही’ हे वाक्य आपल्याकडे दुःखाच्या वेळी मोठा आधार देतं. दुखणं येण्याआधीच ते उच्चारलं गेलं, तर मात्र त्याचा विचार करावा लागतो. हृदयविकाराच्या बाबतीत हे विशेष खरं आहे, कारण स्ट्रेस टेस्टसारखी तपासणी येणाऱ्या धोक्याचा अंदाज आधीच बांधू पाहते. भोर-वेल्ह्याच्या माणसाने अशा तपासणीसाठी पुणं गाठावं, की सगळं देवावर सोपवावं? माझं म्हणणं असं की ही तपासणी प्रारब्ध वाचतच नाही. ती कर्तव्य दाखवते, आणि त्या कर्तव्याइतकीच तिची किंमत आहे.

विसाव्याच्या वेळी अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतूनही हृदयाला पुरेसं रक्त मिळतं. श्रमात ही गरज तीन-चार पटींनी वाढते आणि मग उणीव उघडी पडते. म्हणून रुग्णाला ट्रेडमिलवर चालवून, चालवत नसेल तर इंजेक्शन देऊन, हृदयावर ताण आणतात. स्ट्रेस थॅलियममध्ये किरणोत्सारी औषध शिरेतून सोडून विश्रांतीचं आणि श्रमाचं अशी दोन चित्रं शेजारी ठेवतात. विश्रांतीत उजळ दिसणारा स्नायू श्रमात फिका पडला, तर तिथे रक्त कमी पडतंय. चित्र स्वच्छ आलं तर पुढच्या वर्षात झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचं प्रमाण साधारणपणे शंभरात एकाहूनही कमी असतं. पण तो एक कोण, हे चित्र सांगत नाही. कित्येक झटके तर फारशा अरुंद नसलेल्या जागीच चरबीचा थर फुटून, गुठळी होऊन येतात. तेव्हा या अहवालाला भविष्यवाणी मानणं श्रद्धेलाही धरून नाही आणि विज्ञानालाही.

मग धोका दिसल्यावर करायचं काय? ‘इस्केमिया’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. भारतासह ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण त्यात होते आणि तपासणीत त्यांच्या हृदयाला रक्त बरंच कमी पडताना आढळलं होतं. निम्म्यांना औषधांबरोबर लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास असा मार्ग दिला, बाकीच्यांना आधी फक्त औषधं. तीनेक वर्षांनंतर मृत्यू आणि झटके यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. छातीतल्या कळा मात्र पहिल्या गटात अधिक कमी झाल्या. मुख्य धमनीच अरुंद असलेले किंवा नुकताच झटका आलेले रुग्ण यात नव्हते. त्यांचा मार्ग वेगळा. एका स्नानात सगळं पाप धुतलं जावं अशी आशा माणूस स्टेंटकडूनही धरतो. पुरावा सांगतो की स्थिर आजारात तारून नेते ती रोजची गोळी, तंबाखू-मिश्री सोडणं, बीपी आणि शुगर आटोक्यात ठेवणं. रोजच्या कर्तव्याचा हा विचार आपल्या परंपरेलाही परका नाही. टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला, तो कर्माच्या साखळीतही माणसाचं स्वातंत्र्य उरतं हे दाखवायला. भोरहून वरंधा घाट उतरला की शिवथरघळ लागते. ज्या दासबोधाचं लेखन परंपरेने तिथलं मानलं जातं, त्यात आळसाला थारा नाही.

कुणी म्हणेल, रोज राजगड-तोरण्याच्या उतारांवर राबणाऱ्याला यंत्र कशाला? यात तथ्य आहे. किती श्रम झेपतात हीच जोखमीची एक मोठी खूण आहे, आणि काहीच त्रास नसलेल्याला ही तपासणी बहुधा निष्कारण घोर लावते. पण पूर्वी एका दमात चढण चढणारी बाई डोक्यावरची मोळी टेकवून मध्येच थांबू लागते आणि ‘वय झालं’ किंवा ‘पित्त वाढलं’ म्हणते, तिथे हा आक्षेप संपतो. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हा आजार पुष्कळदा छातीत न दुखता नुसत्या धापेने प्रकटतो. दुसरा आक्षेप भीतीचा: कळलं तर जगणं नासेल. ज्ञानातून काही कृती निघणारच नसेल, तर न जाणण्याचा हक्क मी मान्य करतो. इथे मात्र कृती निघते, तीही घरात बसून करता येण्याजोगी. मग अज्ञानाला शरणागती म्हणता येत नाही.

देवावर भरवसा ठेवावा तो फळाच्या बाबतीत. चढणीवर नव्याने धाप लागत असेल तर ती दैवावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. अहवाल काहीही येवो, तंबाखू आजच सोडा.