आजोबांची रायफल, नातीचा खांदा

वाडवडिलांकडून हाती आलेली वस्तू जशीच्या तशी जपावी, की आपल्या गरजेप्रमाणे बदलून घ्यावी? आणि बदलायचीच झाली, तर तिच्यावर किती पैसा खर्चणे योग्य? प्रश्न घरगुती वाटतो. परंतु मालकी म्हणजे नेमके काय, हा जुना नैतिक प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

विचारासाठी आम्ही मुद्दाम दूरचे उदाहरण घेत आहोत. आमच्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातील दुरुस्ती यांनी शिकारीचे दिवस संपविले. अमेरिकेत मात्र शिकारीची रायफल हा आजही कित्येक घरांतील वारसा आहे. पेनसिल्व्हानिया राज्यात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होई आणि त्या दिवशी अनेक शाळांना सुट्टी असे. २०१९ मध्ये हा प्रारंभ शनिवारवर आणला गेला.

अशा एखाद्या घरातील नात डोळ्यांपुढे आणू या. आजोबांची स्प्रिंगफील्ड रायफल तिच्या वाट्याला आली आहे. १९०३ मध्ये अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या या जातीच्या रायफली दुसऱ्या महायुद्धानंतर नागरिकांना स्वस्तात मिळाल्या. नातीच्या खांद्याला दस्ता लांब पडतो, नळी झिजली आहे, दुर्बीण बसविण्याची सोय नाही. हे सर्व कारागिराकडून करून घ्यावे काय?

प्रथम हिशेब पाहू. साधी नवी रायफल तेथे पाचशे डॉलरच्या आसपास मिळते. नवी नळी, नवा दस्ता, दुर्बीण आणि मजुरी यांचा खर्च सहज त्याच्या दुपटीवर जातो. शिवाय विकताना हा पैसा परत येत नाही. मूळ स्थितीतील जुन्या रायफलीला संग्राहक चांगली किंमत देतात. दुर्बिणीसाठी तिच्या पोलादाला चार भोके पाडली, की ती किंमत कोसळते. निव्वळ व्यवहार पाहिला, तर उत्तर नकारार्थी आहे.

मग आठवणींचे काय? आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेल्या लाकडाला धक्का लावू नये, असे मन म्हणते. हा आदर खरा आहे. पण आजोबांनी स्वतः काय केले होते? सैनिकाच्या हातचे ते युद्धाचे हत्यार त्यांनी घरी आणले, त्याचे जड लाकूड तासून हलके केले आणि ते रानात वापरण्याजोगे करून घेतले. ज्याला आपण मूळ रूप म्हणून कवटाळतो, तेच मुळी एका पूर्वजाने केलेले रूपांतर असते. त्यांना जो अधिकार होता, तो नातीला का नसावा?

येथे तिसरा पक्ष उभा राहतो, आणि आमच्या मते तोच निर्णायक आहे: ते हरीण. शिकार करावी की न करावी, हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण जो करतो, त्याने जनावराला तडफडत ठेवू नये, हे तर कोणीही मान्य करील. खांद्याला न बसणाऱ्या दस्त्याने नेम चुकतो; जखमी जनावर रानात पळून जाते आणि तासन् तास मरत राहते. स्मृतीच्या आदरापोटी असे दुःख दुसऱ्या जिवावर लादण्याचा अधिकार कोणत्याही वारसाला नाही.

म्हणून नेम सरळ होण्यासाठी केलेला खर्च आम्हांस सार्थ वाटतो. शेजाऱ्याला दाखविण्यासाठी केलेले नक्षीकाम आणि चकाकी तशी वाटत नाही. याला एक मर्यादाही आहे. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या आरंभीच्या, आठ लाखांच्या आतील क्रमांकांच्या रायफलींपैकी काहींचे पोलाद ठिसूळ निघाले. कामगार तापलेल्या पोलादाचा रंग नुसत्या डोळ्यांनी पारखीत. लख्ख उन्हात तो फिका भासे आणि पोलाद प्रमाणाबाहेर तापविले जाई. अशी रायफल फुटून वापरणाऱ्याचाच घात करू शकते. तिच्यावर पैसा न ओतता तिला भिंतीवर विश्रांती द्यावी. वारसा पारखून घेणे हा त्याचा अवमान नव्हे.

बाकीच्यांबाबत आम्ही इतकेच सुचवू: जो बदल मागे फिरविता येतो, तो आधी करावा. जुना दस्ता कापण्याऐवजी नवा, आखूड दस्ता आणावा. जुना तेल लावून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवावा. आपण वस्तूचे शेवटचे मालक नसतो. उद्या या रायफलीला आणखी एक वारस मिळेल. त्याचा खांदा कदाचित आजोबांसारखा रुंद असेल.