दूधबिल कोणाच्या नावावर?

नोकरी आणि घर यांचा मेळ बायका कसा घालतात, यावर जगभर ढीगभर संशोधन झाले आहे. त्यातल्या बहुतेकांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: घर एकीकडे, काम दुसरीकडे, आणि मधे प्रवास. कोल्हापूर विमानतळाजवळच्या गडमुडशिंगीसारख्या गावात हे गृहीतक पहाटेच कोसळते. नवरा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीला जातो, त्याचे काम घराबाहेर आहे हे खरे. पण बायकोचा गोठा परसात असतो. शेणघाण, वैरण, धार, डबा, पोरांची शाळा, पुन्हा सांजधार. यातले घरकाम कुठे संपले आणि धंदा कुठे सुरू झाला?

गावात गोकुळ या जिल्हा सहकारी दूध संघाचा पशुखाद्य कारखाना आहे. खाद्याचे पोते, म्हशीचे दूध, फॅट, दर दहा दिवसांचे बिल, दिवाळीआधीचा दूधदर फरक या सगळ्याचा चोख हिशेब सहकाराने लावून दिला. 1963 साली स्थापन झालेल्या या संघाने जिल्ह्यातल्या लहान शेतकऱ्याच्या हाती वर्षभर रोख पैसा खेळवला, हे त्याचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. फक्त हिशेबाचा धनी खातेदार आहे, आणि खातेदार बहुधा पुरुष.

अर्थशास्त्रानेही बराच काळ असेच केले. गॅरी बेकर यांनी 1965 साली घरातल्या वेळेला किंमत असते हे मांडले, कुटुंबाचे अर्थशास्त्र उभे केले आणि 1992 साली त्यांना नोबेल मिळाले. पण त्यांचे घर एका मनाने वागणारे, एका थैलीचे. अमर्त्य सेन यांनी त्यात भांडण आणले: एकाच छपराखाली सहकार्यही असते आणि हितसंबंधांची ओढाताणही. सासुरवास पाहिलेल्या कोणालाही हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागला नसता, पण सिद्धान्तात ते यायला हवे होते.

आपल्याकडचे उदाहरण धनंजयराव गाडगीळांचे. गोखले संस्थेचे पहिले संचालक आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतले अग्रणी असलेल्या या माणसाने भारतातल्या श्रमबळातील स्त्रियांवर एक पुस्तकही लिहिले, ते 1965 साली आले. एकाच अभ्यासकाच्या या दोन वाटा. महाराष्ट्राच्या सहकाराने पहिली उचलली, दुसरी वाचनालयात राहिली.

आता निदान वेळ तरी मोजला जातो. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी 289 मिनिटे वेळ जातो, अशा पुरुषांचा 88. आकडा बोलका आहे, पण गोठ्यासाठी अपुरा. विक्रीच्या दुधासाठी केलेले काम या 289 मिनिटांत धरलेले नाही, ते रोजगारात जाते. म्हणजे सर्वेक्षणाच्या लेखी ती कामकरी, आणि गावच्या दूध संस्थेच्या वहीत बिल नवऱ्याचे. मिनिटे वाटून घेण्याचा सल्ला देणाऱ्या संशोधनाला म्हणूनच माझा आक्षेप आहे. वेळेआधी नाव विचारायला हवे.

नाव बदलून काय होते, असे विचारले जाते. पासबुक तिचे आणि एटीएम कार्ड त्याच्या खिशात, असेही होते. महिला दूध संस्थेचा कारभार बायकाच पाहतात असेही नाही. तरी सभासदाला मत असते, दूधदर फरक असतो, कर्जासाठी दाखवायला बिल असते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितली होती. म्हैस तर त्यामानाने सोपी, तिला सातबारा नसतो.

सभासदाचे नाव, लिटर, फॅट, रक्कम हे सगळे संस्थांकडे रोजच्या रोज नोंदले जाते. शिवाजी विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थिनीने करवीर तालुक्यातल्या दोनचार संस्थांच्या नोंदी घ्याव्यात, घरोघर जाऊन त्यात एकच रकाना वाढवावा: धार कोणी काढली. प्रबंधाला तेवढे पुरे आहे.