दोघांचेही हित पाहणारा

जुन्या मैत्रीला तडा गेल्याचे कानावर आले, की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "असे काय झाले?" मग कोण काय बोलले, कुणी पैसे परत केले नाहीत, कोण कुणाच्या घरच्या कार्याला आले नाही, याची चौकशी सुरू होते. संबंध आतापर्यंत उत्तम होता आणि एका घटनेने तो बिघडला, हे आपण गृहीतच धरतो. पण तीस वर्षांचा स्नेह एका घटनेने क्वचितच मोडतो. पुष्कळदा तो कुणीतरी गाजावाजा न करता सावरून धरलेला असतो. तो हात निघून गेला, म्हणजे मग कळते की भार किती होता.

आजच्या कथा-कादंबऱ्यांत हा विषय वारंवार येतो : जुने मित्र, जुनी जोडपी आणि त्यांच्यात साचत गेलेला ताण. साधकाने असले साहित्य कशाला वाचावे, असे आपल्यापैकी काही जण म्हणतील. माणसाने कसे वागावे हे धर्मग्रंथ सांगतात, यात शंका नाही. तोच माणूस दमलेला असताना, दुःखात असताना, कुणी पाहत नसताना प्रत्यक्षात कसा वागतो, हे चांगली कादंबरी दाखवते. आत्मपरीक्षणाला दोन्हींची गरज लागते.

टेसा हॅडली या इंग्लंडमधील लेखिकेची 'लेट इन द डे' ही कादंबरी २०१९ साली प्रसिद्ध झाली. हॅडली यांचे पहिले पुस्तक २००२ मध्ये, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर आले. तरुण वयाच्या घाईने लिहिलेले यात काही नाही. कथा लंडनमधील दोन जोडप्यांची आहे. अ‍ॅलेक्स आणि क्रिस्टिन हे एक, झॅकरी आणि लिडिया हे दुसरे. क्रिस्टिन आणि लिडिया शाळेपासूनच्या मैत्रिणी. चौघे विशीत एकत्र आले आणि तीस वर्षे एकमेकांच्या घरात वावरले. तरुणपणी जोड्या उलट जुळू पाहत होत्या : लिडियाचे मन अ‍ॅलेक्सवर होते, क्रिस्टिन काही काळ झॅकरीबरोबर होती. पुढे ते बदलले, लग्ने झाली, दोन्ही घरांत मुली झाल्या. जुने सगळे जणू विसरले गेले.

एका उन्हाळी संध्याकाळी अ‍ॅलेक्स आणि क्रिस्टिन घरी संगीत ऐकत बसलेले असताना फोन येतो. झॅकरी अचानक वारला आहे. कादंबरीची सुरुवातच इथे होते. लिडियाला एकटीने राहवत नाही, म्हणून ती मैत्रिणीच्या घरी राहायला येते. क्रिस्टिन तिला सांभाळते. दुःखाने हे तिघे अधिक जवळ येतील, अशी वाचक म्हणून आपली अपेक्षा असते; आपल्याकडेही म्हणतातच, की मरणाने माणसे एकत्र येतात. इथे घडते ते वेगळेच. काही काळाने अ‍ॅलेक्स आणि लिडिया एकमेकांकडे ओढले जातात, आणि क्रिस्टिनचा संसार व तिची सर्वांत जुनी मैत्री एकाच वेळी कोसळते.

आता प्रश्न असा, की दोष कुणाचा? शोकाने मन दुबळे होते, आधार शोधते, हे खरे आहे. पण शोक जवळीक समजावून देतो, लपवाछपवी समजावून देत नाही. जिने घर उघडले तिच्याच पाठीमागे हे चालू राहिले, याला दुःखाचे कारण पुरणार नाही असे मला स्पष्टपणे वाटते. तरीही कादंबरी इथे थांबत नाही, आपणही थांबू नये. कारण ती आपल्याला पुन्हा पुन्हा त्या गेलेल्या माणसाकडे वळायला लावते.

झॅकरी कोण होता? चित्रांची गॅलरी चालवणारा, मोकळ्या मनाचा, खाण्याखिलवण्याची हौस असलेला माणूस. अ‍ॅलेक्सने तरुणपणी एक कवितासंग्रह काढला, पुढे लिहिणे थांबले, तो शिक्षक झाला; त्या अडलेल्या माणसाचा कडवटपणा झॅकरीने मित्र म्हणून सोसला. क्रिस्टिन चित्रे काढते, पण स्वतःच्या कामावर तिचा विश्वास डळमळता. त्या चित्रांना जागा आणि मान दिला झॅकरीने. लिडियाला जगाचे व्यवहार नकोत. ते त्याने सांभाळले. तिघांनाही वाटत होते की आमची मैत्री भक्कम आहे. वास्तविक प्रत्येकाचे पटत होते ते झॅकरीशी, आणि त्याच्यामुळे इतरांशी. तो गेल्यानंतर क्रिस्टिन आपल्या चित्रांच्या खोलीला कुलूप लावते. मला या कादंबरीतील प्रेमप्रकरणापेक्षा हे कुलूप अधिक बोलके वाटते. आपल्या कामामागे कुणाचा हात होता हे तिला त्या क्षणी उमगलेले आहे.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात माणसामाणसांतील नात्यांची एक यादी येते, आणि त्या सर्वांविषयी ज्याची बुद्धी सम राहते तो श्रेष्ठ, असे सांगितले आहे. समबुद्धीचा उपदेश आपण लक्षात ठेवतो, यादीवरून मात्र घाईने पुढे जातो. तिथे सुहृद आणि मित्र असे दोन वेगळे शब्द आहेत. उदासीन आणि मध्यस्थ हेही दोन वेगळे आहेत. शंकराचार्यांनी भाष्यात त्यांतला फरक थोडक्यात उलगडला आहे. मित्र म्हणजे स्नेह असलेला. सुहृद म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता उपकार करणारा. उदासीन कुणाचीच बाजू घेत नाही. मध्यस्थ मात्र एकमेकांविरुद्ध असलेल्या दोघांचेही हित इच्छितो.

आज मध्यस्थ म्हटले की आपल्याला घराचे व्यवहार जुळवणारा किंवा स्थळे सुचवणारा आठवतो. मूळ अर्थ त्याहून फार मोठा आहे. दोघांचे भांडण असताना "मला यात पडायचे नाही" म्हणणे सोपे असते, आणि आपण अनेकदा त्यालाच अलिप्तता समजतो. खरे तर ते औदासीन्य असते. दोघांच्याही भल्याची काळजी वाहायची आणि तरी कुणाच्या रागाचे इंधन व्हायचे नाही, हे पुष्कळ कठीण आहे. झॅकरी हे काम तीस वर्षे करत होता, आणि ते काम आहे हे कुणाच्या ध्यानीही आले नव्हते.

मग वाटते, की प्रत्येक मित्रमंडळात असा एक माणूस असला म्हणजे झाले. पण ते इतके सरळ नाही. दोघांनाही बरे वाटेल असे बोलणारा आणि दोघांचे हित पाहणारा, हे दोघे बाहेरून अगदी सारखे दिसतात. त्यांतला भेद पाहायचा असेल तर फ्रेंच लेखिका यास्मिना रेझा यांचे 'आर्ट' हे नाटक पाहावे. १९९४ मध्ये ते पॅरिसला प्रथम रंगमंचावर आले. त्यात तीन जुने मित्र आहेत. सर्ज दोन लाख फ्रँक देऊन एक चित्र विकत घेतो. चित्र संपूर्ण पांढरे. पांढऱ्यावर पांढऱ्याच रेषा. मार्क ते पाहून हसतो आणि त्याची किंमत काढतो. खरे भांडण चित्रावरून नाहीच. आजवर आपल्या नजरेने जग पाहणाऱ्या मित्राने स्वतःची वेगळी आवड धरली, हे मार्कला सोसत नाही.

तिसरा मित्र इव्हान. तो सर्जकडे गेला की त्याला चित्रात काहीतरी दिसते, मार्कसमोर बसला की मार्कचे पटते. त्याच्या स्वतःच्या घरी लग्नपत्रिकेवर कुणाची नावे घालायची, सावत्र आयांची घालायची की नाही, यावरून रणधुमाळी चालू आहे, आणि तिथेही तो सगळ्यांना होकार देऊन बसला आहे. (पत्रिकेवरील नावांचा प्रश्न पॅरिसमध्येही सुटत नाही, हे वाचून आपल्याकडील अनेकांना दिलासा मिळावा.) त्याचा स्वभाव गोड आहे. तरी शेवटी दोघेही मित्र त्याच्यावरच उलटतात, आणि झटापटीत मध्ये पडल्यावर फटका बसतो तोही त्यालाच. इव्हानने दोघांचे ऐकले, पण दोघांपैकी एकाच्याही हिताचे काही सांगितले नाही. त्याला स्वतःला कुणाचा रोष नको होता. इव्हान दिसायला मध्यस्थ होता, पण त्याचे सगळे वागणे भीतीतून येत होते.

आपल्या घरात, आपल्या केंद्रात, वर्षानुवर्षे एकत्र सेवा करणाऱ्या आपल्या गटात पाहा. सर्वांशी गोड असणारी व्यक्ती लगेच दिसते. पण आपल्याला एकांतात "तुझे इथे चुकते आहे" असे कोण सांगते, आणि आपल्या पाठीमागे दुसऱ्याजवळ आपली बाजूही कोण मांडते? आणि आपण स्वतः कुणासाठी हे करतो? उत्तर देताना मला तरी थोडे थांबावे लागते.

नाटकाच्या शेवटाविषयी सांगायला हवे. मैत्री वाचावी म्हणून सर्ज मार्कच्या हातात निळे पेन देतो, आणि मार्क त्या मौल्यवान पांढऱ्या चित्रावर उतारावरून घसरत जाणारा एक छोटा माणूस काढतो. मित्रापुढे चित्राची पर्वा नाही, हे सर्जने दाखवून दिले. मार्क हेलावतो. पुढे दोघे मिळून ते चित्र साबणाने धुतात आणि शाई निघून जाते. ही शाई धुता येते हे तुला ठाऊक होते का, असे दोघे एकमेकांना विचारतात. सर्ज नाही म्हणतो. त्याला ते आधीपासून ठाऊक होते.

म्हणजे त्याग झालाच नव्हता. त्यागाचा देखावा झाला. परतफेड न इच्छिणाऱ्या सुहृदाची कसोटी सर्जला लावली, तर तो उतरत नाही. त्याला मार्क परत हवा होता, आणि त्यासाठी त्याने हिशेब केला. पण त्यानंतर मार्क तोच पांढरा कॅनव्हास पाहतो, तेव्हा त्याला बर्फ पडताना दिसते, आणि त्या शुभ्रतेतून जाऊन दिसेनासा होणारा एक माणूस दिसतो. इतके दिवस त्याला तिथे काहीच दिसत नव्हते.

हॅडलींच्या कादंबरीत असा समेट नाही. तिथे क्रिस्टिन शेवटी किल्ली घेते आणि आपल्या चित्रांची खोली स्वतःच उघडते.