निसरडा रस्ता आणि आपली जबाबदारी

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास जाणारा रस्ता फसवा होतो. उन्हाळाभर साचलेली धूळ व गाड्यांतून गळलेले तेल पाण्यात कालवले जाते आणि डांबरावर बुळबुळीत थर चढतो. अशा रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला तर चाके जागीच अडकतात, पण गाडी घसरत पुढे जाते. स्टिअरिंग फिरवूनही ती वळत नाही.

यावरील उपाय म्हणून बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक 'अँटीलॉक ब्रेक' योजना १९७८ साली जर्मनीत मर्सिडीज मोटारींना बसवण्यात आली. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारसायकलींना अशी योजना सक्तीची झाली. या यंत्राला रस्ता दिसत नाही. ते केवळ चाकांचा वेग मोजते. ब्रेक दाबताच एखादे चाक एकाएकी फार मंदावले, तर ते घसरू लागले हे ओळखून त्याचा ब्रेक क्षणभर सैल करते व पुन्हा आवळते. एका सेकंदात असे अनेकदा घडते. चाक फिरते राहते, म्हणून गाडी वळवता येते. मात्र ओल्या रस्त्याची पकड वाढवणे या यंत्राच्या हाती नाही.

मग अशा गाडीचा चालक अधिक सुरक्षित झाला काय? १९८०च्या दशकात म्युनिक शहरात काही टॅक्सींना हे यंत्र बसवून, काहींना न बसवता, पाहणी करण्यात आली. दोहोंच्या अपघातांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. यंत्र असलेल्या गाड्यांचे चालक वळणे अधिक जोराने घेत होते. जी सुरक्षितता मिळाली, ती त्यांनी वेगासाठी खर्च केली!

येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. गाडी आमची, यंत्रासाठी पैसे आम्ही मोजले. मग त्याचा लाभ आम्ही हवा तसा का घेऊ नये? पण घाटातील त्याच वळणावर डोक्यावर मोळी घेतलेली बाई उभी असते, शाळेतून परतणारे मूल असते. आम्ही वाढवलेल्या वेगाचा धोका त्यांच्या वाट्याला येतो, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. म्हणून आम्हांस वाटते, मिळालेली सुरक्षितता केवळ आपली नव्हे. तिच्यात वाटेवरच्या परक्याचाही हिस्सा आहे.

यंत्र चाक सावरील. पण पाऊस दिसताच वेग कमी करायचा की नाही, हे आपणच ठरवायचे आहे.