वाद्य कोणते आणि वादक कोणाचा

याज्ञवल्क्याने मैत्रेयीला आत्मविद्या सांगताना जे दृष्टान्त योजिले त्यांत दुंदुभी, शंख आणि वीणा यांचाही दृष्टान्त आहे. आणि भाष्यकारांनी त्याचे तात्पर्य ब्रह्माकडे इतक्या तातडीने वळवून घेतले की त्यातल्या वाद्यांकडे नुसती वाद्ये म्हणून पाहण्याची सवड पुढे फारशी कोणाला उरली नाही. दुंदुभी वाजत असता तिच्यातून बाहेर पडलेले नाद कोणाला धरता येत नाहीत. मात्र दुंदुभी हाती आली, किंवा ती वाजवणारा हाती आला, म्हणजे नादही हाती आला, असा त्या वचनाचा सरळ आशय आहे. ध्वनिमुद्रणाचे यंत्र निघाले आणि हा क्रम उलटला. जे धरता येत नाही असे ऋषीने सांगितले होते तेच नेमके मेणावर आणि लाखेवर धरले गेले, आणि दुंदुभी व तिचा वाजवणारा हे दोघेही निसटले.

समजा, लाखेची एक जुनी तबकडी आहे, तिच्यावर ‘गोंडी गीत, जिल्हा चांदा’ याहून अधिक अक्षर नाही, आणि गाणाऱ्याच्या आवाजामागे एक घोगरा, अनुनासिक, न तुटता लांबत जाणारा स्वर आहे. हे वाद्य कोणते? प्रश्न वस्तुसंग्रहालयाच्या फेरिस्तीतला एक रकाना भरण्यापुरता दिसतो. परंतु ज्या मुलखातून तो स्वर आला तेथे त्याचे उत्तर देवाचे नाव घेतल्यावाचून पुरे होत नाही, आणि म्हणून मी त्याची गणना धर्मविचारात करतो.

नैयायिकांच्या परिभाषेत हे कार्यावरून कारणाचे अनुमान होय. नदीला आलेला पूर पाहून वर डोंगरात पाऊस झाला असावा असे म्हणण्याच्या जातीचे. भरताने वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग केले. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ साली प्रसिद्ध केलेली वर्गीकरणाची पद्धतीही, स्वर मुळात कशाच्या कंपनातून जन्मतो, याच निकषावर उभी आहे. आघाताने जन्मलेला नाद जन्मताच क्षीण होऊ लागतो. आपला स्वर लांबतो आहे, तेव्हा तो फुंकीचा असेल किंवा घर्षणाचा, येथवर कोणीही येईल. पुढची वाट मात्र अवघड आहे. स्वराची जात त्याच्या उपस्वरांवरून ठरते हे हेल्महोल्ट्झने १८६३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, आणि १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू होईपर्यंत कर्ण्यापुढे गाऊन जे मुद्रण होत असे त्यातून नेमके वरचे उपस्वरच गळून पडत. गजाने घासलेली तार आणि सनईची पत्ती यांची कंपने मुळातच एकमेकींच्या जवळची. त्यांतले वरचे उपस्वर गेले, आणि प्रत्येक स्वराचा आरंभीचा क्षण, ज्याच्या आधाराने कान वाद्य ओळखतो, तो झिजलेल्या चरीच्या खरखरीत बुडाला, म्हणजे तयार कानालाही या दोहोंत भेद करणे कठीण होते. त्यातून मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी तबकडी जरा जलद फिरली की वाद्य लहान झाल्यासारखे वाटते. श्वासाची खूण उरते म्हणावे, तर मुरलेला सनईवाला गालांत हवा साठवून श्वास न तोडताच वाजवीत असतो. मला त्यातल्या त्यात विश्वसनीय वाटते ती एकच खूण: गजाला कधी ना कधी दिशा बदलावी लागते, आणि त्या वळणावर केस तारेवर क्षणभर खरवडतात.

ही खूण सापडली असे धरू. आता जिल्हा. चांदा हे नाव एके काळी वरोऱ्यापासून प्राणहितेकाठच्या सिरोंच्यापर्यंत पसरलेले होते. गडचिरोली त्यातून निघाला तो १९८२ साली. उलट राजुरा तालुका निजामाच्या मुलखात, अदिलाबाद जिल्ह्यात, होता. तो १९५६ साली नांदेडला आणि १९५९ साली चांद्याला जोडला गेला. म्हणजे दप्तराच्या हिशेबाने माणिकगडच्या डोंगरातला गाणारा १९५९ पूर्वीच्या तबकडीवर ‘चांदा’ या नावाखाली येऊ नये. पण तबकडीवर गाव लिहिले जाते ते पुष्कळदा मुद्रण झाले तेथले, गाणाऱ्याचे नव्हे, आणि परधान, म्हणजे गोंडांच्या कुळकथा गाणारा भाट, हा तर पायाला भिंगरी लावून यजमानांच्या गावोगाव हिंडणारा माणूस. पूर्वेकडे भामरागडच्या माडियांत गाणे मुख्यत्वे कंठाचे आणि नाचणाऱ्या पायांचे असते, सोबत ढोल. गजाच्या तंतुवाद्याचा माग राजगोंडांकडे, विशेषतः त्यांच्या परधानांकडे, घेऊन जातो. परधानाच्या किंगरीला, गोंडीत जिला किकरी म्हणतात तिला, कातड्याने मढवलेले पोट आणि घोड्याच्या केसांच्या तीन तारा असतात. तो घोगरेपणा या केसांचा. अनुमान येथे येऊन थांबते आणि संग्रहालयाचे समाधान होते.

परधानाचे होईल काय? फ्यूरर-हायमेंडॉर्फ याने अदिलाबादच्या राजगोंडांत राहून १९४८ साली त्यांच्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या परधानांची घरची भाषा मराठी, आणि यजमान गोंडांच्या कुळकथा मात्र ते गोंडीत गातात. म्हणजे ज्या समाजाचा वेद लिहिलेला नाही त्याचा वेदपाठक आपली भाषा बोलतो, आणि या गोष्टीची आपल्या साहित्याच्या इतिहासकारांनी घ्यावी तशी दखल घेतलेली नाही. कुळाचा देव पेर्सा पेन. त्याची चिन्हे म्हणजे चवरी आणि भाल्याचे पाते. त्याच्या पूजेत परधान किंगरीवर कुळाची उत्पत्ती गातो, आणि ते गायिल्यावाचून विधी सांग होत नाही. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर शामराव हिवाळे यांनी १९४६ साली ग्रंथ लिहिला. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून मानववंशशास्त्रज्ञ एल्विनबरोबर मंडल्याच्या रानात गेलेला हा मराठी माणूस एल्विनच्या कीर्तीच्या छायेत दिसेनासा व्हावा, हे मला अन्यायाचे वाटते. त्या भागात या वाद्याला बाना म्हणतात; साजाच्या, म्हणजे आपल्याकडच्या ऐनाच्या, झाडात राहणारा बडादेव बान्याच्या स्वराने जागा होतो अशी तेथली श्रद्धा आहे. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाकडून उतरून घेतलेली, गोंडांचा आदिपुरुष लिंगो याची, कथा त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी छापली. तिच्यातही भोपळा पोखरून, स्वतःच्या मस्तकाचे केस ताणून तंतुवाद्य करणारा लिंगो आहे. आपल्या देवघरात मूर्ती पूजेसाठी आणि घंटा वाजवण्यासाठी, अशी वाटणी असते. येथे जे वाजते तेच पूज्य असते.

मग तबकडी वाजते तेव्हा देव जागा होतो काय? नैयायिकाच्या मते शब्द हा आकाशाचा गुण, उत्पन्न होऊन नष्ट होणारा. पाण्यातल्या तरंगाने पुढचा तरंग उठवावा तसा तो कानापर्यंत येतो. तेव्हा यंत्रातून निघणारा नाद त्याच जातीचा असला तरी निराळाच नाद आहे. मीमांसक शब्दाला नित्य मानतो, म्हणून त्याच्याकडून विरुद्ध उत्तराची अपेक्षा व्हावी; परंतु त्याचे नित्यत्व वर्णांना आहे, वर्ण व्यक्त करणाऱ्या ध्वनीला नाही, आणि किंगरीचा स्वर हा ध्वनीच. दोन्ही दर्शनांच्या न्यायसभेत तबकडीतला देव असा नामंजूर होतो. मलाही ते मान्य आहे: पूजेला आवाहन आहे आणि समाप्ती आहे, यंत्राला सुई ठेवणे आणि उचलणे एवढेच आहे. मात्र हे मान्य केल्यावर त्याचा दुसरा भागही मान्य करावा लागतो. तबकडीवरून आपण ओळखले ते लाकूड, कातडे आणि केस, किंगरी नव्हे.

आणि येथे याज्ञवल्क्याने सांगितलेला दुसरा मार्ग, जो आपण वाद्याच्या नादात सोडून दिला, तो आठवतो. दुंदुभी धरा, नाही तर वाजवणारा धरा. गोंडांची कुळे चार, पाच, सहा आणि सात भावांच्या शाखांत विभागलेली. परधानाचे घराणे यजमानाच्या घराण्याला पिढीजात बांधलेले. त्याचा हक्क त्या घरापुरता आणि त्याचे आवाहन त्या घराच्या देवापुरते. तेव्हा एका परधानाची किंगरी आणि दुसऱ्याची किंगरी, एकाच लाकडाच्या दोन भागांतून घडलेल्या असल्या तरी, देवाच्या हिशेबात एक नव्हेत. कोणी म्हणेल, परधान नुसत्या करमणुकीलाही वाजवतो, भिक्षेलाही वाजवतो, तेव्हा कसली शाखा आणि कसला देव? आक्षेप रास्त आहे. त्याचा निकाल गीत कशाचे आहे यावर लागेल.

तो निकाल तबकडीवरच आहे. वाद्य नीट ऐकू यावे म्हणून संगीताचा अभ्यासक ज्या कंठाला अडथळा समजून बाजूला सारू पाहतो, त्या कंठातून, ते गीत कुळाचे असेल तर, पूर्वजांची नावे, शाखा आणि देवाची स्थळे क्रमाने येत असतात. म्हणून ध्वनिशास्त्रज्ञाच्या आधी ही तबकडी माणिकगडच्या डोंगरातल्या जिवतीकडच्या एखाद्या वृद्ध परधानाला ऐकवावी; तो वाद्याचे नाव सांगण्यापूर्वी गीत कोणत्या शाखेचे हे सांगेल, आणि तेही मराठीत.